केंद्र पाच : विशेष काही नाही

सोमवारी अकराला पाच मिनिटं असली की ताई हातावरचं प्लास्टर धुऊन टाकायची, हात ॲप्रनला पुसायची आणि खिळ्यांच्या डब्याला फोन टेकवून संस्थेची बैठक उघडायची. उघडायची म्हणजे अगदी दार उघडावं तशी. तिने बटण दाबल्याशिवाय पडद्यावर कोणाला पाय ठेवता येत नव्हता, साहेबांनासुद्धा नाही. आणि एवढं करून बोलायची पाळी सगळ्यांत शेवटी तिचीच. दार उघडायला पहिली आणि ताटावर शेवटची, हे बायकांना घरात नवीन नाही. पण त्यासाठी वीस वर्षं नोकरी करायची काही गरज नव्हती.

संस्था तशी लहानच. पोलिओने किंवा अपघाताने पाय अधू झालेल्यांना पायाला बांधायचे लोखंडी कॅलिपर, बूट, कुबड्या बनवून द्यायच्या, हे तिचं काम. मुख्य कार्यालय मोठ्या शहरात आणि पाच केंद्रं पाच दिशांना. कार्यालयापासून जे जितकं लांब तितका त्याचा नंबर मागचा. ताईचं केंद्र पाचवं, बसने नऊ तासांवर. दोन खोल्या, एक भट्टी, एक घासायचं यंत्र, धरून चालायला दोन समांतर दांड्या आणि चामड्याचं काम करणारे मामा. मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. तीस वर्षं पट्टे आणि बूट शिवता शिवता ते सगळ्या गावाचे मामा झाले होते. ताईही सगळ्या गावाची ताई होती. कार्यालयात मात्र तिला ना नाव होतं ना नातं. तिथे ती 'पाच नंबर' होती.

पूर्वी दर तीन महिन्यांनी पाचही केंद्रप्रमुख बसने कार्यालयात जायचे. दिवसभर बसायचे, भांडायचे, सुट्या भागांच्या पिशव्या भरून परतायचे. मग कार्यालय चालवणाऱ्या साहेबांना पडद्यावरच्या बैठकीचा शोध लागला. प्रवास वाचेल, केंद्रं जवळ येतील, असं ते म्हणाले. केंद्रं जवळ यावीत म्हणून कार्यालयात भिंतभर पडदा लागला, बोलणाऱ्याकडे आपोआप मान वळवणारा कॅमेरा आला. एवढा थाट केल्यावर बैठकीचा वेळ विकत घ्यायला मात्र हात आखडला. फुकटात चाळीस मिनिटं मिळत होती. चाळीस झाली की पडदा आपोआप काळा. लहान संस्थांना परवडतील अशा योजना होत्या, ताईने दोन-तीन शोधून कळवल्याही. खर्च कार्यालयातल्या चहापेक्षा कमी होता. साहेबांनी उत्तर दिलं, की फुकट मिळतंय त्याला नावं ठेवू नयेत, आणि चाळीस मिनिटांमुळे वेळेची शिस्त लागते. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. साहेबांचं भरत होतं.

हे फुकट खातंही ताईच्याच नावावर होतं. पहिल्या दिवशी कार्यालयाच्या फोनवर ओटीपी काही येईना, साहेब तापले, तेव्हा ताईने आपल्या फोनवरून दोन मिनिटांत खातं उघडून दिलं. ते तसंच राहिलं. तिच्या चौकोनाखाली 'होस्ट' असं दिसायचं. मामांनी एकदा त्याचा अर्थ विचारला. यजमान, असं तिने सांगितल्यावर मामा खोकला लागेपर्यंत हसले.

यजमानीणबाईंना दुसऱ्याच आठवड्यात काम मिळालं. साहेबांचं मार्गदर्शन चालू असताना तीन नंबरकडे हातोडी वाजत होती आणि चार नंबरकडे कोणीतरी शिंकत होतं. साहेबांनी फर्मावलं, की पाच नंबरने सगळ्यांचे आवाज बंद ठेवावेत, आणि असे बंद ठेवावेत की कोणाला मध्येच आपणहून चालू करता येऊ नयेत. ज्याची पाळी येईल त्याचाच आवाज तिने सोडायचा. ताईने ते बटण शोधून काढलं. तेव्हापासून दर सोमवारी साहेब पंचवीस मिनिटं मार्गदर्शन करायचे आणि बाकीचे चौकोन मुक्याने माना डोलवायचे. मग एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. चार नंबरचं बोलणं निम्म्यावर आलं की पडदा काळा. पाचव्या नंबराची पाळी यायची राहूनच जायची.

संध्याकाळी बैठकीचं इतिवृत्त यायचं. ते छापून केंद्राच्या फलकावर लावायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांना संस्थेचा कारभार दिसावा म्हणून. हा नियम साहेबांचाच आणि तसा चांगला. इतिवृत्त म्हणजे एक तक्ता होता. मुख्य कार्यालय आणि पाच केंद्रं, प्रत्येकासमोर एक रकाना. पाचव्या रकान्यात पहिल्या आठवड्यापासून एकच ओळ होती : विशेष काही नाही. ताईने लेखनिकाला फोन करून विचारलं, की मी तोंड उघडलेलं नसताना हे तुम्हाला सांगितलं कोणी. लेखनिक भला माणूस, पण भर पावसात छत्री उघडायची परवानगी मागेल इतका भला. त्याने अजिजीने समजावलं, की रकाना रिकामा ठेवायचा नाही असा साहेबांचा हुकूम आहे, आणि 'वेळ संपली' असं लिहिलं तर वेळेच्या शिस्तीवर डाग येतो. ताईने दोन आठवडे कटकट केली आणि सोडून दिलं. तेव्हा खरोखरच विशेष काही नव्हतं.

मग कड्या आल्या.

कॅलिपर घालून उभं राहायचं तर गुडघा सरळ राहायला हवा. त्यासाठी गुडघ्याच्या सांध्यावर एक लहानशी लोखंडी कडी असते. माणूस उभा राहिला की ती खाली घसरून सांध्यावर बसते, टक् असा आवाज होतो आणि पाय ताठ होतो. बसायचं झालं की कडी बोटाने वर उचलायची. माणसाचा सगळा भरवसा त्या आवाजावर. साहेबांनी एका नव्या कारखान्याकडून स्वस्तातल्या कड्या घेतल्या होत्या आणि दर सोमवारी मार्गदर्शनात त्या बचतीचे गोडवे गायचे. कड्या दिसायला चकचकीत, पण धातू मऊ. महिनाभराच्या वापराने कडी आतून झिजायची, आणि पुरा भार पडला की आपली आपण वर सरकायची. ताईच्या केंद्राने एकोणीस जणांना त्या बसवल्यावर पहिली परत आली. एका शिक्षकाचा पाय फळ्यासमोर दुमडला होता. तीन दिवसांनी दुसरी आली.

ताईने त्याच दिवशी नव्या कड्या कपाटात कोंडल्या आणि कार्यालयात फोन लावला. साहेबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. जे काही असेल ते सोमवारच्या बैठकीत मांडा, म्हणाले. तिने मेल लिहिली, झिजलेल्या कड्यांचे फोटो जोडले. उत्तर आलं : विषय सोमवारी घ्यावा. सोमवारी चार नंबरचं बोलणं निम्म्यावर आलं आणि पडदा काळा झाला. पुढच्या सोमवारी तिने आधीच हात वर केला, तर साहेब म्हणाले की पाळी येऊ द्या. पुन्हा मेल. पुन्हा विषय सोमवारी. जुन्या, मजबूत कड्या कार्यालयाच्या कोठारात धूळ खात पडल्या होत्या, पण बैठकीची मंजुरी मिळाल्याशिवाय कोठार उघडत नव्हतं. ड्रॉवरमध्ये दोन जुन्या कड्या निघाल्या, त्या तिने परत आलेल्या दोघांना बसवल्या. उरलेले सतरा जण तशाच कड्यांवर चालत होते.

खरं म्हणजे बटण तिच्याच बोटाखाली होतं. सगळ्यांचे आवाज बंद करणाऱ्या बाईला स्वतःचा आवाज चालू करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण वीस वर्षांच्या नोकरीत ताई एकदाही पाळी सोडून बोलली नव्हती. आपली पाळी आली की बोलू. असे पाच सोमवार गेले.

त्या सतरा जणांत एक ताईची नणंद होती. ताई त्यांना वन्सं म्हणायची. वन्सं ताईच्या नवऱ्याहून चार वर्षांनी मोठ्या, डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. लग्न केलं नाही. घराखालच्या गाळ्यात कपडे इस्त्री करायच्या, दिवसाचे आठ तास उभ्याने. तोंड फटकळ, काम झपाट्याचं. आमच्या वहिनीला पाय दिसला की माप घ्यावंसं वाटतं, असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. ताई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने वन्संचं माप घेतलं होतं, आणि मापं घेता घेता दोघींची गट्टी जमली ती कायमची. नव्या कड्या आल्या तेव्हा पहिली कडी तिने हौसेने वन्संच्याच कॅलिपरला बसवली. घरच्या माणसाला नवी वस्तू आधी, एवढाच विचार.

दुसरी कडी परत आल्यावर ताईने सगळ्यांना निरोप धाडले आणि मामांनी प्रत्येकाच्या गुडघ्यावर जाड चामड्याचा पट्टा आवळून दिला, जुन्या कड्या येईपर्यंत. पट्टा म्हणजे जिवाला ताप होता. बसायचं तर बक्कल सोडा, उठायचं तर बक्कल लावा, आणि उन्हाळ्यात इस्त्रीपुढे चामडं मांडीला चिकटायचं ते वेगळंच. वन्संनी महिनाभर कुरकुरत तो वापरला. मग एका गुरुवारी त्या बुटाची टाच बसवून घ्यायला केंद्रात आल्या. ताई आत साचा ओतत होती. वन्सं फलकासमोर उभ्या राहिल्या आणि वेळ जाईना म्हणून एकेक कागद वाचत गेल्या. केंद्र पाच : विशेष काही नाही. त्याखालच्या कागदावरही तेच, त्याखालच्यावरही तेच. सगळे ताईच्या हाताने लावलेले, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. संस्थाच लिहून देते आहे की काही नाही म्हणून, आणि आमची वहिनी आपली उगाच धास्ती घेते. घरी जाऊन त्यांनी पट्टा सोडला आणि खुंटीला टांगला.

शनिवारी सकाळी एक चादर फिरवताना कडी वर सरकली. वन्सं टेबलावर कोसळल्या. चादर सरळ करणारा त्यांचा डावा हात त्यांच्याच उजव्या हातातल्या इस्त्रीखाली आला, आणि वर अख्ख्या अंगाचा भार.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले की कातडी येईल, पण दोन बोटं पुरती सरळ होतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ताई उशाशी बसली तेव्हा त्यांनी मान वळवली.

"चूक माझी आहे, वहिनी. पट्टा मीच काढला. पण तुमच्या कागदावर तर काही नाही असं लिहिलं होतं गं."

ताई उठली. ती बाहेर आली, इस्पितळाच्या जिन्यात उभी राहिली आणि तिला राग आला. पहिला राग स्वतःचा. टाचण्या कोणी मारल्या होत्या? तिने. ते खोटं आहे हे कोणाला माहीत होतं? तिलाच. शहाण्या मुलीसारखी पाच सोमवार पाळीची वाट बघत कोण बसलं होतं? तीच. आणि हा राग पुरता वर आल्यावर मागोमाग दुसरा आला, तो नऊ तासांवरच्या भिंतभर पडद्याचा होता, आणि तो काही केल्या खाली बसेना. रविवारी तिने आणि मामांनी उरलेल्या सोळाही जणांच्या घरी जाऊन पट्टे तपासले. तिघांनी काढून ठेवले होते. त्यांतल्या एकाने सांगितलं, की मीही फलक वाचला होता.

रात्री तिने झाल्या प्रकाराची मेल पाठवली, आणि त्या सोमवारची बैठक साहेबांनी रद्द केली. या वेळी 'विषय सोमवारी घ्यावा' असं उत्तर आलं नाही. पत्रव्यवहाराचा एवढा तिटकारा असलेल्या साहेबांनी बुधवारी चक्क पत्र धाडलं. मागच्या पाच बैठकांत केंद्र पाचने कड्यांबद्दल एकदाही तक्रार नोंदवलेली नाही, इतिवृत्तं सोबत जोडली आहेत. सदोष कडी केंद्रप्रमुखांनी स्वतःच्या नातेवाइकाला प्राधान्याने दिली, हा पक्षपात. तक्रार दडवली, हा निष्काळजीपणा. केंद्र पाच चालू ठेवावं का, याचा निर्णय येत्या सोमवारच्या बैठकीत होईल. संस्थेच्या अध्यक्षबाई जातीने हजर राहतील. कड्यांचं काय करायचं, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

चोराच्या उलट्या बोंबा, असं मामा म्हणाले, आणि हातोडी घेऊन कार्यालयात जाऊन येऊ का, असंही विचारलं.

"नऊ तासांचा प्रवास आहे मामा. तोवर राग टिकेल का?"

"माझा टिकतो," मामा म्हणाले. "पण बसभाडं कोण देणार?"

सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना ताईने हात धुतले, फोन डब्याला टेकवला आणि टेबलावर वन्संचा कॅलिपर आडवा ठेवला. इस्त्रीच्या गाळ्यातून आणला तसा, झिजलेल्या कडीसकट. मग तिने बैठक उघडली. एकेक चौकोन आला. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. अध्यक्षबाई पहिल्यांदाच पडद्यावर येत होत्या. त्यांचं कपाळ आणि चष्म्याची वरची कडा एवढंच दिसत होतं. कार्यालयाच्या चौकोनात मध्ये साहेब आणि कोपऱ्यात वही घेतलेला लेखनिक. नेहमीप्रमाणे ताईने साहेबांखेरीज सगळ्यांचे आवाज बंद केले, कोणाला आपणहून चालू करता येणार नाहीत असे.

साहेबांनी सुरुवात केली. घडलं ते दुःखद आहे म्हणाले, आणि दुःख तिथेच संपलं. पुढे संस्थेची परंपरा, बचतीचं महत्त्व, लांबच्या केंद्रांची बेफिकिरी. मग त्यांनी इतिवृत्तं हातात घेतली आणि एकेक करून मोठ्याने वाचली. विशेष काही नाही. विशेष काही नाही. पाच वेळा. पाचव्या वेळी त्यांनी चष्मा काढला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, की संस्थेने प्रत्येकाला बोलायला व्यासपीठ दिलं, ज्यांना तोंडच उघडायचं नव्हतं त्यांना कोण काय करणार.

ताईने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. तिने साहेबांचाही आवाज बंद केला.

साहेब आणखी एक वाक्यभर बोलत राहिले. मग त्यांना पडद्यावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी लेखनिकाकडे पाहिलं, लेखनिकाने वहीकडे पाहिलं. साहेब उभे राहिले, ओठ जोरात हलू लागले. कार्यालयातला तो महागडा कॅमेरा इमानाने त्यांच्या मागे मान वळवत होता आणि त्यांच्या तोंडातून शब्द बाहेर पडत नव्हता.

ताईने आपला आवाज चालू केला.

"मी केंद्र पाच. माझी पाळी आजवर कधी आली नाही, म्हणून आज घेतली आहे."

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. ताईच्या फोनवर त्यांचा नंबर झळकला. तिने तो कापला.

"साहेब, फोनवर नको. जे काही असेल ते सोमवारच्या बैठकीत मांडायचं, असं तुमचंच सांगणं आहे. तुमची पाळी येईल."

मग तिने कॅलिपर उचलला. तो टेबलावर उभा केला, सांधा सरळ केला, कडी खाली सोडली. टक् झालं. मामांनी येऊन दोन्ही हातांनी वरून भार दिला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कडी हळूच वर सरकली आणि गुडघा दुमडला. ताईने कडी पुन्हा बसवली. मामांनी पुन्हा भार दिला. गुडघा पुन्हा दुमडला. असं तीनदा केल्यावर तिने वन्संच्या हाताचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत खाली घेतला नाही. नंतर तिने आपल्या मेल आणि त्यांची उत्तरं तारखांसकट वाचली. वाचताना तिचा आवाज चढला, मध्ये एकदा फाटला, पण तिने थांबवला नाही.

"हे कागद मी माझ्या हाताने फलकावर लावले," ती म्हणाली. "ते वाचून आमच्या वन्संनी पट्टा काढला. माझी चूक मी पदरात घेते. मी पहिल्याच सोमवारी हे बटण दाबायला हवं होतं. पण मी गप्प बसले आणि मला काही सांगायचं नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मला चारही केंद्रांनी सांगा. किती कड्या परत आल्या? आवाजाची गरज नाही, बोटं दाखवा."

दर आठवड्याला साहेब ज्या कड्यांची आरती ओवाळत होते त्यांना नावं ठेवायची, म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. ती बांधणार कोण? मग चार नंबरचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मुठी मिटल्या आणि पुन्हा दोन बोटं वर केली. त्यांनाही कधी निम्म्यापुढे बोलू दिलेलं नव्हतं. तीन नंबरने चार बोटं दाखवली, दोन नंबरने एक पंजा. एक नंबर खाली बघत राहिला, शेवटी त्यानेही तीन बोटं वर धरली, आणि दुसऱ्या हाताने एक कागद कॅमेऱ्याला चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, आम्हाला वाटलं आमच्याच कामात चूक आहे.

"माझ्या तीन धरून सत्तावीस," ताई म्हणाली. "लेखनिक, लिहा."

लेखनिकाने साहेबांकडे न बघता लिहिलं.

अध्यक्षबाईंच्या कपाळाशेजारी एक हात वर आला होता. ताईने त्यांचा आवाज सोडला. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. अजून किती माणसं या कड्यांवर चालत आहेत, हा पहिला. ताई म्हणाली, की माझ्याकडची सोळा, बाकीच्यांची त्यांना विचारा. जुन्या कड्या कुठे आहेत, हा दुसरा.

"कोठारात. किल्ली कुठे आहे ते मला माहीत नाही."

कार्यालयाच्या चौकोनात लेखनिक उठला. पावसात छत्रीची परवानगी मागणारा तो माणूस साहेबांच्या टेबलापाशी गेला, खण उघडला आणि किल्ली काढून कॅमेऱ्यासमोर धरली. कॅमेरा आपणहून त्याच्याकडे वळला नाही, म्हणून तोच कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आजच्या बसने पाठवा, सगळीकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि या नव्या कड्या आजपासून बंद. लिहून घ्या."

चाळिसाला चार मिनिटं उरली होती. ताईने साहेबांचा आवाज सोडला.

"साहेब, आता तुमची पाळी. चार मिनिटं आहेत."

चार मिनिटांत माणूस पुष्कळ काही बोलू शकतो. चुकलं म्हणू शकतो. पेशंट कशी आहे, असं विचारू शकतो. त्याला तर चार सेकंदही पुरतात. साहेबांनी विचारलं, की हे कोणाच्या परवानगीने झालं. संस्थेच्या इतिहासात असा प्रकार घडलेला नाही, असं ते दोनदा म्हणाले. शिस्त म्हणजे काय, हे सांगायला लागले. ताई शेवटपर्यंत ऐकत होती, वन्संचं नाव कधी येतंय याची वाट बघत. साहेबांनी घसा खाकरला, बोट उगारलं आणि म्हणाले, "कड्यांच्या बाबतीत माझं म्हणणं मी पुढच्या सोम..."

पडदा काळा झाला.

संध्याकाळी इतिवृत्त आलं. मामांनी चष्मा पुसून वाचलं. पाचवा रकाना तक्त्याबाहेर वाहून दुसऱ्या पानावर गेला होता : सत्तावीस कड्या, मेलच्या तारखा, साहेबांची उत्तरं, वन्संचा हात, सगळं. चार नंबरपासून एक नंबरपर्यंत प्रत्येकासमोर बोटांचा हिशेब होता. सगळ्यांत वरचा रकाना मुख्य कार्यालयाचा. रिकामा ठेवायचा नाही, असा हुकूम होता आणि लेखनिकाने तो पाळला होता. मुख्य कार्यालय : विशेष काही नाही.

मामा बराच वेळ हसले. ताईला हसू आलं नाही. तिने कागद फलकावर लावला, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. मामा जुने पाच कागद काढायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात धरला. राहू देत, म्हणाली, साहेबांना कधी इकडे यावंसं वाटलं तर वाचायला होतील.

कड्यांची पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली. पहिली कडी वन्संची होती, या वेळी हौसेने नाही. वन्सं गळ्यात हात अडकवून आल्या, दांड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. टक् झालं. मामा चक्क त्यांच्या खांद्यावर रेलले, कडी जागची हलली नाही. मग जाता जाता वन्सं फलकासमोर थांबल्या आणि सहाही कागद पहिल्यापासून वाचले. बोट फिरवायची सवय होती, म्हणून डावा हात वर गेला आणि पांढऱ्या पट्टीतच अडखळून खाली आला.

"हा कागद आधी लागला असता तर मी पट्टा काढला नसता," त्या म्हणाल्या.

"मी आधी बोलले असते तर लागला असता, वन्सं."

नाही गं, असं म्हणून त्यांनी समजूत काढली असती, तर ती खोटी ठरली असती हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी उजवा हात ताईच्या खांद्यावर टाकला आणि दोघी पायऱ्या उतरू लागल्या, एकेक पायरी, कडीचा आवाज ऐकत.